तहकूब डावाचा आठवडा

लालबागेत मिरच्या भाजायला लागल्या, की मला घड्याळाची टिकटिक ऐकू येते. एकदा हे मी आमच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्यांनी बॅटरी लावून माझे कान तपासले. कान ठणठणीत निघाले.

दर मे महिन्यात मी ब्याडगी, संकेश्वरी आणि रंगापुरती काश्मिरी घेऊन मसाल्याच्या गल्लीत उभी राहते. हल्ली तयार मसाला दारात येतो हे मलाही ठाऊक आहे, पण आमच्या घरात त्याला ‘रंगीत पावडर’ म्हणतात आणि पाहुण्यांनासुद्धा वाढत नाहीत. तर गल्लीत कांडपाची यंत्रं धाडधाड आपटत असतात. पुढच्या बाईला शिंक येते, मग मला येते, मग अख्खी रांग शिंकायला लागते. आणि त्या गदारोळात मला आठवतं ते दोन तोंडांचं लाकडी घड्याळ.

बुद्धिबळाचं जुनं घड्याळ ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगते. एका खोक्यात शेजारी शेजारी दोन घड्याळं. आपण विचार करत असलो की आपलं चालू; चाल केली की वरचं बटण दाबायचं, आपलं थांबतं आणि समोरच्याचं सुरू होतं. दोन्हींत बाराच्या आकड्यापाशी एक चिमुकला लाल झेंडा लटकलेला असतो. तास भरत आला की मिनिटकाटा त्या झेंड्याला खालून उचलायला लागतो, हळूहळू आडवा करतो, आणि तास भरला की झेंडा टपकन खाली पडतो. तोवर ठरलेल्या चाली झाल्या नसतील, तर तुम्ही हरलात. मग पटावर तुमची अख्खी फौज का उभी असेना.

आमच्या स्पर्धा लालबागेतच एका मंगल कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर व्हायच्या, कांडपाच्या गिरणीपासून दोन इमारती सोडून. खिडक्या उघड्या ठेवल्या तर मिरची आत यायची, बंद ठेवल्या तर पंखे तीच गरम हवा गरागरा फिरवायचे. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी, आणि तिच्याखाली नाकाला रुमाल लावून बसलेली, डोळ्यांतून पाणी गाळणारी माणसं. पंच होते परांजपे सर, गिरगावातले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि त्याहून कडक नजर. शिंक येते आहे असं वाटलं तरी आम्ही आधी त्यांच्याकडे बघायचो.

परवा मसाला घेऊन तशीच दादरला गेले. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, ईरा, तिथे एका शाळेच्या हॉलमध्ये खेळत होती. वय वर्षं अकरा, केसांना निळी क्लिप, आणि समोर प्लॅस्टिकचं चपटं घड्याळ. त्यात काटा नाही, झेंडा नाही, टिकटिक तर नाहीच. आकडे पळत असतात आणि प्रत्येक चालीला वर चार-दोन सेकंद बक्षीसही मिळतात. मला त्या बक्षिसाचं फार कौतुक वाटतं. आमच्या घड्याळाने आम्हाला उभ्या जन्मात एक सेकंद कधी परत दिला नाही. डाव संपवून ती बाहेर आली, माझ्या पिशवीचा वास घेतला आणि दोनदा शिंकली.

“जिंकलीस?”

“हो ना. पण सेकंड गेमला असला टाइम प्रेशर आला मावशी, वाट लागलेली.”

मी सांगितलं, की आमच्या वेळी डाव लांबला तर तो तिथेच थांबवून पुढच्या रविवारी खेळायचे.

ती थांबलीच. “म्हणजे वन वीक पॉज? मग घरी जाऊन कॉम्प्युटरवर इंजिन लावायचं, ते बेस्ट मूव्ह सांगतं, सिम्पल!”

“इंजिन नव्हतं गं.”

“मग विचारायचं कोणाला?”

“चाळीला,” मी म्हटलं, आणि मला इतकं हसू आलं की फुटपाथवरच थांबावं लागलं.

माझा एक डाव असा अडकला, त्या मे महिन्यात माझी बारावी होऊन गेलेली होती आणि निकाल लागायचा होता. परीक्षा आणि निकाल यांच्या मधले ते दिवस ज्याने भोगलेत त्यालाच कळतील. अभ्यास करायचा नसतो, पण झोपही लागत नाही. येणारा जाणारा विचारतो, “मग, काय म्हणतात पेपर?” पेपर काहीच म्हणत नसतात. आम्ही घोडपदेवला चाळीत राहायचो. गच्चीवर कुरडया आणि पापड वाळत असायचे, गॅलरीत आंब्यांच्या पेट्यांमधलं गवत सगळीकडे उडायचं, आणि कोकमाचं सरबत पिऊन पिऊन पोरांच्या ओठांवर लाल मिशा उमटलेल्या असायच्या. मी त्या सुट्टीत फक्त एक गोष्ट केली. खेळले.

मला खेळायला शिकवलं मधुकाकांनी. आमच्यापासून तिसरी खोली त्यांची. कॉटन ग्रीनला एका गोदामात कारकून होते. मूळचे कुडाळकडचे, वीस-बावीस वर्षांचे असताना मुंबईत आलेले, आणि तेव्हापासून दर मे महिन्यात ही निवड स्पर्धा खेळत आलेले. स्पर्धेतल्या पहिल्या चौघांचा मुंबईचा संघ व्हायचा आणि संघ राज्य स्पर्धेला जायचा. मधुकाका कधी पाचवे यायचे, कधी सहावे, कधी मध्येच ताप भरायचा. संघात काही जाणं झालं नव्हतं. त्या पावसाळ्यानंतर ते निवृत्त होणार होते आणि गावी परत जाणार होते. गावच्या घराची कौलंसुद्धा शाकारून झाली होती. म्हणजे हा शेवटचाच मे महिना.

आणि मला जायचं होतं नागपूरला. राज्य स्पर्धा तिथे होती, मावशीही तिथे होती, म्हणून घरातून परवानगी होती. तोवर आमचं गाव सोडलं तर मी मुंबईबाहेर कुठे गेलेच नव्हते. सतराव्या वर्षी नागपूर म्हणजे काय वाटतं ते आता सांगून खरं वाटणार नाही. मी आरशासमोर उभी राहून “मुंबईकडून शैला” असं म्हणून बघायचे.

शेवटच्या फेरीत आम्हा दोघांची गाठ पडली. पहिल्या तीन जागा गेलेल्या होत्या, उरली होती चौथी. तिच्यासाठी तिसरे दावेदार होते दादरचे एक इंजिनीअरसाहेब. त्यांचे सगळे डाव संपले होते आणि ते आमच्यापेक्षा अर्ध्या गुणाने पुढे होते. काकांचा आणि माझा डाव जो जिंकेल तो त्यांना मागे टाकून संघात जाणार. पण डाव बरोबरीत सुटला, तर आम्हा दोघांना अर्धा अर्धा गुण मिळून आम्ही त्यांच्याइतकेच होणार, आणि त्यांनी आम्हा दोघांनाही आधीच हरवलेलं होतं. म्हणजे ते आत आणि आम्ही दोघंही घोडपदेवला.

त्या रविवारी पट जवळजवळ रिकामा झाला तरी डाव काही संपेना. दोघांकडे एकेक हत्ती, माझी दोन प्यादी, काकांची तीन. एवढ्यात खालून सनईची रेकॉर्ड सुरू झाली. संध्याकाळी हॉल लग्नाला दिलेला होता. मांडववाले फुलांच्या माळा घेऊन दारातच उभे. परांजपे सरांनी घड्याळं थांबवली आणि म्हणाले, “डाव तहकूब. पुढच्या रविवारी.”

तहकुबीची एक गंमतशीर रीत होती. ज्याची चाल असेल त्याने ती पटावर करायची नाही, कागदावर लिहून पाकिटात बंद करायची. चाल काकांची होती. त्यांनी हाताचा आडोसा करून ती लिहिली, अगदी पेपरात शेजारचा मुलगा बघू नये म्हणून करतात तसा. पाकीट चिकटवलं, त्यावर आम्ही दोघांनी सह्या केल्या, दोघांच्या घड्याळातला वेळ वर लिहिला गेला आणि पाकीट सरांच्या बॅगेत गेलं. काका आणि मी नेहमीसारखे चालत चालत घरी निघालो. वाटेत त्यांनी मला उसाचा रस पाजला, माझ्या भावाची चौकशी केली, उन्हाला नावं ठेवली. डावाबद्दल चकार शब्द नाही.

आता अडचण अशी, की दोघांनाही आठवडाभर डाव लावून बघायचा होता आणि चाळीत धड पट एकच होता. गणपतीच्या मंडळाच्या खोलीतला, चांगल्या वजनदार सोंगट्यांचा. बाकी घरोघरी जे संच होते त्यांत घोड्याच्या जागी बाटलीचं बूच आणि राजाच्या जागी खडू अशी परिस्थिती. शेवटी काकींनी, म्हणजे मधुकाकांच्या बायकोने, निवाडा दिला. दिवसभर काका कामावर, तेव्हा पट माझा. संध्याकाळी ते आले की पट त्यांचा. मात्र देताना सोंगट्या डब्यात भरून द्यायच्या, लावलेला डाव दिसता कामा नये. रोज संध्याकाळी काकी आमच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि डबा खुळखुळवून बघायच्या.

“सगळी आहेत ना गो? काल एक प्यादं आमच्या पिठाच्या डब्यात सापडलं.”

चाळीत गोष्ट लपत नाही, आणि ही तर लपवायचीच गोष्ट. गच्चीवर पापड उलटायला गेले की कुणीतरी कानाशी यायचं. “शैला, काल काका हत्ती हातात धरून तासभर बसले होते हां.” मी कानात बोटं घालायचे. तिकडे काकांचीही तीच गत. कॅरमवाली पोरं त्यांना जिन्यात गाठून सांगायची, “काका, ती सारखा राजा पुढे घेते.” काका म्हणायचे, “शाळेत कधी एवढं लक्ष दिलंत काय रे?” अख्ख्या चाळीत बुद्धिबळ नीट येणारे आम्ही दोघंच, पण त्या आठवड्यात सल्ला नसलेला माणूस औषधालाही सापडला नसता. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर सल्ला दिला, की एवढा त्रास होत असेल तर हत्ती खेळातून काढून टाका.

बुधवारी आई भाजी निवडता निवडता म्हणाली, “शैला, मधुभाऊंचं शेवटचं वर्ष. तुला काय, पुढे अख्खं आयुष्य आहे.” तिचं चूक नव्हतं आणि मला राग आला होता. मला जिंकायचं होतं. काकांवर माया होती ती होतीच, त्यांच्या हातचे बेसनाचे लाडू खाऊन मी मोठी झाले होते. पण नागपूर मला हवं होतं, आणि कुणी मोठं मन करायला सांगितलं की मला ते आणखीच हवंसं वाटायचं. गंमत म्हणजे त्याच दिवशी तिकडे काकी काकांना सांगत होत्या, की पोर आहे, जिंकू द्या, तुम्ही म्हातारे होऊन नागपूरला काय करणार, संत्री आणणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी काका कामावर निघाले तेव्हा मी गॅलरीत होते. ते थांबले. आठवडाभरात आपणहून डावाबद्दल बोलले ते एवढंच.

“शैले, तुझी आई तुका काय सांगता ता माका ठावक हा. आमची पण तीच टकळी लावून बसलीय. पण माका दान नको गो. डाव सोडलास तर मी तुझ्याशी बोलणार नाय.”

“मी नाही सोडणार,” मी म्हटलं. “मी तुम्हाला हरवणार आहे.”

“आता कसं!” म्हणाले आणि जेवणाचा डबा हलवत जिना उतरले. मला इतकं बरं वाटलं, की मी त्या दिवशी दुपारी झोपलेसुद्धा.

त्या आठवड्यात एकही घड्याळ चालू नव्हतं, आणि तरी तेव्हाइतकी वेळेची जाणीव मला नंतर क्वचितच झाली. नंतर आयुष्यात बऱ्याच गोष्टी तहकूब राहिल्या. घराच्या पुनर्विकासाची फाइल, एक लग्नाचा होकार, आईच्या तपासणीचे रिपोर्ट. अशा वेळी मी ओळखीची खूण पटल्यासारखी शांत होते. चाल तर झालेली आहे, पाकिटात आहे, आपल्याला फक्त दिसत नाही. तोवर आपण सगळ्या चालींची उत्तरं शोधत बसायचं, जेवायचं, पापड उलटायचे. ईराच्या पिढीला ही सवय नाही. त्यांचे डाव सकाळी सुरू होतात आणि जेवायच्या आत निकाल लागलेला असतो, पुढचा डाव उभा असतो. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. शिंका येणाऱ्या हॉलमध्ये आठवडाभर जीव टांगून ठेवण्यात फार थोरवी होती असंही नाही. पण हरल्यावर तिला रडायलासुद्धा वेळ मिळत नाही, हे बघून मला चुटपुट लागते.

आणि आता तावडेमामा. आमच्या चाळीच्या समितीचे सचिव. पाण्यावरून, कचऱ्यावरून, कुणाच्या कपड्यांचं पाणी कुणाच्या लोणच्यावर ठिबकलं यावरून जेवढी भांडणं व्हायची, तेवढी मामा मिटवायचे. कोर्टाची पायरी आमच्या चाळीतल्या कुणी चढली नाही ती त्यांच्यामुळे. त्यांची पद्धत एकच: दोघांना समोर बसवायचं आणि वादातली वस्तू मधोमध वाटायची. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी काकांना आणि मला मंडळाच्या खोलीत बोलावलं.

“हे बघा,” मामा म्हणाले, “शेजारी शेजारी राहता. चार दिवस झाले, तुमच्यात बोलणं नाही.”

“बोलणं आहे की,” काका म्हणाले. “कालच हिला फणस दिला.”

“डावाबद्दल नाही ना? मग. असं ताणायचं नसतं. मी माहिती काढली आहे. बरोबरी करता येते. अर्धा तुम्हाला, अर्धा तिला. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. चाळीतली गोष्ट चाळीत मिटली.”

काकांनी त्यांना समजावलं, की बरोबरी झाली तर तेल गेलं, तूपही गेलं, जागा दादरला जाईल. मी समजावलं. खडूने भिंतीवर गुणांचं गणितसुद्धा मांडलं. मामांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, “पण अर्धा अर्धा समानच झाला ना? मग अन्याय कुठे झाला?” आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो आणि उठलो. मामांनी त्या हसण्याचा अर्थ आपल्या परीने लावला. पाण्याच्या भांडणात दोन्ही बाजू हसत उठल्या, की मिटलं असंच समजायचं असतं.

रविवारी आम्ही हॉलमध्ये पोचलो तर टेबलच मांडलेलं नव्हतं. परांजपे सर कागद आवरत होते. शेजारी दादरचे इंजिनीअरसाहेब पेढ्यांचा पुडा उघडून उभे.

“सर, डाव?” काका म्हणाले.

“डाव मिटला ना? काल तुमच्या चाळीचे सचिव येऊन सांगून गेले. उभयतांना बरोबरी मान्य आहे. मी निकाल नोंदवला.”

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ ही म्हण मी शाळेत निबंधात वापरली होती, पण ती पेढे घेऊन समोर उभी राहील असं वाटलं नव्हतं. काका मागे वळले. आमच्या पाठीमागे डाव बघायला म्हणून निम्मी चाळ आली होती आणि पुढे, धुतलेल्या शर्टात, कौतुकाची वाट बघत तावडेमामा.

“मामा, हे काय केलंत?”

“मसाला न्यायला आलोच होतो,” मामा म्हणाले, “म्हटलं, जाता जाता तुमचंही काम करून टाकावं.”

त्यानंतर मी आणि काका एकदम बोलायला लागलो. आठवडाभर दाबून ठेवलेलं सगळं. मला मान्य नाही, मलाही मान्य नाही, विचारलं कुणी, हो ना विचारलं कुणी. इतकं एकमत आमचं आयुष्यात कधी झालं नव्हतं. परांजपे सरांनी हात वर केला आणि मामांकडे पाहिलं.

“आपण बुद्धिबळ खेळता?”

“नाही. पण प्रकरण मला पूर्ण माहीत आहे.”

“घोडा कसा चालतो?”

मामांनी क्षणभर विचार केला. “घोडा? सगळ्यात फास्ट.”

परांजपे सरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बरोबरी खेळाडूंनी स्वतः सांगावी लागते, ते म्हणाले, आणि त्यांनी लिहिलेल्या निकालावर काट मारली. इंजिनीअरसाहेब मात्र खरंच भला माणूस. पुडा बंद करून म्हणाले, “खेळा, खेळा. पेढे जो जाईल त्याचे.” आणि खुर्ची ओढून बसले.

पाकीट फोडलं. मी आठवडाभर हत्तीच्या चालीची उत्तरं पाठ केली होती. हत्तीने शह, हत्ती मागे, हत्ती आडवा. आत लिहिलं होतं, राजा एक घर बाजूला. बस, एवढंच. साधी, चिडीचूप चाल, आणि तिच्यापुढे माझी सगळी उत्तरं निकामी. मी वर पाहिलं तर काका छताकडे बघत होते.

मग घड्याळं सुरू झाली. काका खेळत होते छान, पण प्रत्येक चालीला गोदामातली पोती मोजत असल्यासारखा वेळ घेत होते. ठरलेल्या चाली व्हायला बऱ्याच बाकी, आणि त्यांचा मिनिटकाटा चढत चाललेला. झेंडा उचलला जायला लागला. तेव्हा मी काय करायचं ते मला माहीत होतं, कारण तेही त्यांनीच शिकवलेलं होतं. समोरच्याला वेळ नसेल तर आपण पटकन खेळायचं, म्हणजे आपल्या वेळेत त्याला विचार करता येत नाही. मी खेळले. धडाधड, एकेक अवघड चाल शोधून. मला लाज वाटली नाही. झेंडा आडवा झाला होता, काका सोंगटी ठेवून बटण दाबेपर्यंत माझी पुढची चाल तयार असायची. चाळीतली माणसं, ज्यांना उंट कुठला आणि वजीर कुठला ते कळत नव्हतं, त्यांनाही तो लाल झेंडा बरोब्बर कळत होता. काकींनी पदर तोंडात धरला होता. आई माझ्याकडे बघत होती का काकांकडे, ते मला कळलं नाही.

शेवटच्या चालीला काकांनी विचारच केला नाही. प्यादं पुढे सरकवलं आणि बटणावर हात मारला. झेंडा लटकत होता. पडला नव्हता. परांजपे सरांनी वाकून पाहिलं, चाली मोजल्या आणि मान हलवली. ठरलेल्या चाली वेळेत झाल्या होत्या.

मग मी पट पाहिला. ते घाईत सरकवलेलं प्यादं आता अडवता येणार नव्हतं. मी बराच वेळ बसून राहिले. माझ्या घड्याळात भरपूर वेळ होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. मी राजा आडवा केला आणि हात पुढे केला. काकांनी तो दोन्ही हातांत धरला आणि सोडेनातच.

मी जिन्यात जाऊन रडले. मे महिन्यात लालबागेत रडायची चांगली सोय असते, जिन्यातल्या सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं, कुणी काही विचारलं नाही. फक्त आई येऊन शेजारी बसली. म्हणाली, “सोडला नाहीस ना?” मी मान हलवली. “मग झालं तर,” ती म्हणाली आणि इंजिनीअरसाहेबांनी काकांना दिलेल्या पुड्यातला एक पेढा माझ्या हातावर ठेवला. पेढ्यालाही मिरचीचा वास लागला होता. तावडेमामा जिन्याखाली भेटेल त्याला सांगत होते, की शेवटी तोडगा निघाला.

“आणि मग तू खेळणं सोडलंस?” ईराने काळजीने विचारलं.

छे. मी पुढे बरीच वर्षं खेळले, संघातूनही गेले, नागपूरला संत्रीही खाल्ली. निकाल लागला, कॉलेज सुरू झालं, तहकुबीची पद्धत हळूहळू बंद पडली, लाकडी घड्याळंही गेली. पण आरशासमोर “मुंबईकडून” असं मी परत कधी म्हणून पाहिलं नाही, कारण मुंबई हे नाव मी एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं.

जूनच्या सुरुवातीला मधुकाका नागपूरहून परत आले. चाळ गॅलरीत जमा झाली. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते, थोडी लांबच. मनात अजून एक बारीकशी सल होती, ती जागा माझी असू शकली असती ही.

“किती जिंकलात?” कॅरमवाल्या पोरांनी विचारलं.

“एक,” काका म्हणाले. “बाकी सगळे हरलो. फार चांगली खेळतात रे पोरं.”

लोक जरा हिरमुसले. काकांना त्याचं काहीच नव्हतं. त्यांनी मान वळवून मला शोधलं.

“शैले, ऐक तर. तिथे टेबलावर नाव नाय लिहीत. गावाचं नाव लिहितात. माझ्यापुढे पाटी, मुंबई. आणि तिथली माणसं नावाने हाक मारीत नाहीत गो, पाटी वाचून मारतात. ओ मुंबई, चहा घ्या. मुंबई, तुमची चाल. जेवायला चला, मुंबई.” ते चष्मा काढून पुसायला लागले. “एवढी वर्षं इथे काढली. मुंबई म्हणून माका कोणी हाक मारली नव्हती.”

माझी सल कुठे गेली ते मला कळलंसुद्धा नाही, मी पुढे होऊन त्यांची बॅग उचलली. तेवढ्यात आतून काकींचा आवाज आला.

“ओ मुंबई! गप्पा मागाहून. मळके कपडे द्या आधी, भिजत घालायचेत.”

“आलो, आलो,” मुंबई म्हणाली आणि लगबगीने आत गेली.